गेम बंद केला की चार वर्षांचं पोर एवढं का पेटतं?

श्रावणातली दुपार. मालवणजवळच्या आमच्या गावात पाऊस नुसता ओतत होता आणि शेजारच्या घरातून अशी किंचाळी आली की मला वाटलं, पडवीत जनावर निघालं. छत्री न घेताच धावले. जनावर नव्हतं. चार वर्षांचा बाबू जमिनीवर आडवा पडून पाय आपटत होता. झालं होतं एवढंच, की आजीच्या मोबाईलवर त्याचा गेम चालू असताना गोव्याहून त्याच्या बाबांचा फोन आला आणि वहिनींनी बोलायला म्हणून मोबाईल हातातून घेतला. आजी एरवी शांत बाई, पण तीही कावली. "दी गो तेका, मगे गप रवात." मोबाईल परत हातात पडला आणि नळ बंद करावा तसं पोर गप्प. अर्धा हुंदका अजून घशात, डोळे मात्र पडद्यावर. बाबांशी बोलणं राहूनच गेलं.

तो मोबाईल मागच्या गणपतीत मुंबईच्या काकांनी आणलेला, आजीला व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून. चाकरमान्यांच्या बॅगेतून आलेले असे जुने मोबाईल आता घरोघर आहेत, आणि त्यांचा खरा मालक बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात धाकटं माणूस असतं.

बातम्यांत मात्र मोठी मुलंच दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. बाबूला यातलं काहीच लागू नाही. तो पैसे लावत नाही आणि त्याचं कुठे खातं नाही. तो फुगे फोडतो आणि रंगीत माशांना खाऊ घालतो. मग मोबाईल काढून घेतल्यावर त्याच्या आत एवढं काय होतं?

आधी भरती-ओहोटीचं बघू

राग, भीती, हिरमोड या गोष्टी भरतीसारख्या येतात. चढतात, थोडा वेळ थांबतात आणि उतरतात. आपल्याला हे ठाऊक असतं, कारण आपण हजारदा रागावलोय आणि हजारदा शांत झालोय. चार वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं. पाणी चढायला लागलं की त्याला वाटतं, आता हे असंच चढत राहणार.

भावना चढली तरी वाहून न जाण्याच्या आणि पुन्हा जागेवर येण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात भावनिक आत्मनियमन म्हणतात. आपण साधं 'आवर' म्हणू. हा आवर जन्मतः मिळत नाही. त्याचं बरंचसं काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि तो भाग पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते. होडीत खलाशी सगळे हजर आहेत, जोरकसही आहेत, फक्त तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, अजून शिकाऊ आहे, अशी या वयाची अवस्था. म्हणून मूल तांडेल उसना घेतं. पडलं की आईकडे धावतं, ती कडेवर घेते, "लागलं का रे" म्हणते, पाठीवरून हात फिरवते. तिच्या शांत श्वासावर त्याचा श्वास उतरतो. असं शेकडो वेळा झालं की त्याचा स्वतःचा तांडेल थोडा थोडा तयार होतो.

रडणाऱ्या मुलाला मोबाईल दिला की ते गप्प होतं हे खरं. पण भावना उतरलेली नसते. लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं, एवढंच. आमच्याकडे पोराला लाटेत उभं राहायला शिकवताना बाप त्याला किनाऱ्यावर बसवत नाही की खांद्यावरही घेत नाही. बोट धरून घोटाभर पाण्यात उभं करतो. लाट परतताना पायाखालची वाळू सरकते, पोर घाबरतं, बोट घट्ट धरतं आणि पुढच्या लाटेला पाय रोवायला शिकतं. दर लाटेला उचलून घेतलेलं पोर भिजत नाही खरं, पण शिकतही नाही. मोबाईल हा असा खांदा आहे.

गळ टाकून बसलेला माणूस

आता गेमकडे येऊ. खाडीच्या पुलावर संध्याकाळी गळ टाकून बसलेली माणसं पाहिली असतील. घरून हाका येतात, जेवण निवतं, पण "आणखी एकदा टाकतो" म्हणत ती हलत नाहीत. मासा दर खेपेला लागला असता तर कंटाळून उठली असती आणि कधीच लागला नसता तरी उठली असती. तो कधीतरी लागतो, आणि कधी ते सांगता येत नाही, म्हणून माणूस चिकटून राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं. किती वेळा टोचल्यावर दाणा पडेल याचा नेम नसला की कबूतर टोचत राहतं, आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन यात कामाला लागतं. त्याचा संबंध मजेपेक्षा 'आता काहीतरी मिळणार' या ओढीशी जास्त आहे.

लहान मुलांच्या कित्येक गेममध्ये हाच गळ असतो. कधी तारा मिळतो, कधी पेटी उघडते, कधी नुसताच आवाज होतो. पुलावरच्या माणसाला निदान अंधार पडतो, ओहोटी लागते, आमिष संपतं. गेमच्या खाडीला ओहोटी नाही. एक पातळी संपण्याआधीच दुसरी सुरू होते. थांबायची जागाच ठेवलेली नसते, आणि हे चुकून झालेलं नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठीची १३५ ॲप तपासली, तेव्हा त्यातल्या ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात सापडली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जाहिराती कशा, तर खेळाच्या ऐन मधोमध उगवणाऱ्या, किंवा खेळाचाच भाग वाटणाऱ्या. काही ठिकाणी तर आपण विकत घ्यायला नकार दिला की खेळातलं पात्र तोंड पाडतं, रडतं. ज्या पोराला स्वतःचं रडणं आवरत नाही, त्याच्यावर एका चित्राची समजूत काढायची जबाबदारी! मला यातली ही गोष्ट सगळ्यात निर्लज्ज वाटते.

म्हणजे मोबाईल काढून घेतला त्या क्षणी बाबूच्या आत दोन गोष्टी एकदम होतात. मासा लागणार असं वाटत असतानाच गळ ओढून घेतला जातो, आणि त्यावर येणारा राग आवरायला तांडेल जागेवर नसतो. त्याला नाठाळ म्हणण्यात अर्थ नाही.

मोबाईलमुळे राग, की रागामुळे मोबाईल?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. वहिनी म्हणतात, "हा आधीपासूनच तापट. म्हणून तर मोबाईल द्यावा लागतो." खरंच, आधी काय?

मिशिगनच्याच बालरोगतज्ज्ञ जेनी रडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांना काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. हे काम डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मूल बिथरलं की शांत करायला मोबाईल देण्याची सवय जिथे जास्त होती, तिथे पुढच्या महिन्यांत चटकन भडकणं वाढलेलं दिसलं. मुलग्यांमध्ये आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये हे जास्त ठळक होतं. म्हणजे ज्या पोराला मोबाईल देण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, त्यालाच तो जास्त बाधतो.

दुसरं काम कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं, २०२४ मध्ये आलेलं. (तोही समुद्रकाठचा, मच्छीमारांचाच मुलुख.) तिथे ३१५ पालकांकडून मूल साडेतीन, साडेचार आणि साडेपाच वर्षांचं असताना माहिती घेतली. साडेतीनाव्या वर्षी टॅबलेट जास्त वापरणारी मुलं साडेचाराव्या वर्षी जास्त रागीट, वैतागलेली आढळली. आणि साडेचाराव्या वर्षी जास्त रागीट असलेल्यांच्या हातात साडेपाचाव्या वर्षी टॅबलेट आणखी जास्त वेळ होता.

तेव्हा वहिनीही बरोबर आणि मीही बरोबर. रहाटाला जुंपलेल्या बैलासारखं हे चक्र आहे, कुठून सुरू झालं ते विचारून उपयोग नाही.

पण या आकड्यांना फार ताणूही नये. दोन्हीकडची माहिती पालकांनीच सांगितलेली आहे, कॅनडातला काळ कोविडचा होता, आणि जे दिसतं ती सरासरी आहे. दिवसाला अर्धा तास गेम खेळणारं प्रत्येक पोर तापट होईल असं यातून निघत नाही.

"पण तो शिकतो ना त्यातून! एबीसीडी येते त्याला"

येते. आणि चांगल्या रीतीने बनवलेल्या कार्यक्रमांतून मुलं अक्षरं, आकडे शिकतात याला पुरावाही आहे. पण ॲपवर 'शैक्षणिक' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आमच्या बाजारात प्रत्येक आंबा 'देवगड हापूस' असतो तसंच ते. दुसरं म्हणजे, लहान मुलं समोरच्या जित्या माणसाकडून जेवढं शिकतात तेवढं पडद्यावरून शिकत नाहीत. याला व्हिडिओ डेफिसिट म्हणतात आणि तीन वर्षांखाली तो जास्त जाणवतो. पडद्यावरचा लाल फुगा ओळखणारं पोर समोरचं जास्वंद लाल म्हणेलच असं नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांत मुलांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र लावून घरातलं बोलणं मोजलं गेलं. मूल तीन वर्षांचं असताना पडद्याच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे सात शब्द त्याच्या कानावर कमी पडत होते. आवराशी याचा काय संबंध? खूप आहे. "राग आला", "माझं मोडलं", "मला भीती वाटते" हे शब्द हाताशी असलेलं पोर पाय कमी आपटतं. शब्द हा आवराचा पहिला कासरा, आणि तो घरातल्या बडबडीतूनच येतो.

"आम्हीही टीव्ही बघूनच वाढलो"

वाढलो. पण दूरदर्शनवरचा रविवारचा कार्यक्रम संपायचा. आपण कितीही आरडाओरडा केला तरी पुढच्या रविवारपर्यंत तो परत लागत नसे, म्हणजे ओहोटी बाहेरूनच यायची. शिवाय टीव्ही आपल्या बोटाला दाद देत नव्हता, खिशात घालून मसणवटीपर्यंत नेता येत नव्हता आणि तो आख्ख्या घराचा असायचा. भांडणही त्यातच आलं. आणि भांडण म्हणजे आवराची तालीमच की.

मग याला व्यसन म्हणायचं का?

चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं अशी कडक लक्षणं लागतात. शिवाय चार वर्षांचं पोर स्वतः मोबाईल विकत घेत नाही, रिचार्ज करत नाही. त्याच्या हातात कुणीतरी देतं. ज्याच्या हातात किल्लीच नाही, त्याच्यावर ताबा सुटल्याचा ठपका कसा ठेवणार?

समाजमाध्यमांवर फिरणारा 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे पडदा बघून बघून मूल स्वमग्न झाल्यासारखं वागतं, हा शब्दही जपून घ्या. वैद्यकीय वर्गीकरणात असा आजार नाही. त्याचा धोका उलट दिशेचा आहे. मूल नावाने हाक मारली तरी बघत नसेल, नजर देत नसेल, बोलायला लागून बोलणं थांबलं असेल, तर "मोबाईल बंद केला की होईल बरं" म्हणत सहा महिने घालवू नका. मोबाईल बंद कराच, पण डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांची तपासणी करणारी केंद्रं चालतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतील. आणि स्वतःच्याच डोक्याचा भुगा झाला असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तासापेक्षा क्षण बघा

आकडे सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांचं होईपर्यंत पडदा नकोच, आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत, त्याहून कमी तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं जवळपास हेच आहे, वर मोठं माणूस शेजारी हवं. याच वयाला रात्रीची आणि दुपारची मिळून दहा ते तेरा तास झोप आणि तीन तास हालचालही हवी. दिवसाची बेरीज केली तर मोबाईलला जागा थोडीच उरते.

पण मला विचाराल तर घड्याळाआधी क्षण बघा. संध्याकाळी काकाच्या मांडीवर बसून, हसत-बोलत खेळलेला वीस मिनिटांचा गेम आणि रडणं थांबवायला तोंडात कोंबल्यासारखा दिलेला पाच मिनिटांचा गेम, यातली पाच मिनिटं महाग पडतात. दोन वेळा मोबाईल पूर्ण बंद ठेवावा: मूल बिथरलेलं असताना, आणि त्याला झोपवताना.

"चार महिने पाऊस, घरात मी एकटी. करू काय?"

हा प्रश्न वहिनींचा, आणि त्याला पुस्तकी उत्तर देणं लबाडी होईल. नवरा गोव्यात, सासूचे गुडघे धरलेले, चूल, गुरं, वर बचत गटाची पापडांची ऑर्डर. अशा घरात मोबाईल ही चैन नसते. तो दिवसाचा मदतनीस असतो. म्हणून 'मोबाईल नको' एवढं सांगून कुणी निघून गेलं तर मला राग येतो.

आम्ही केलं ते असं. पहिलं, इंटरनेट बंद. जाहिराती नसलेले दोन गेम फोनमध्ये उतरवून ठेवले, बाकी सगळे काढले. निम्मे गळ तिथेच तुटले.

दुसरं, थांबायची जागा आधी ठरवली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी पडदा बंद होण्याच्या क्षणांचा अभ्यास केला. मजा म्हणजे "दोनच मिनिटं राहिली हां" अशी सूचना दिल्यावर मुलं जास्त बिथरत होती. आईबापांनी बंद करण्यापेक्षा कार्यक्रम आपसूक संपला, किंवा रोजच्या नेमाने पुढचं काम आलं, की ती सहज सोडत होती. म्हणून "पाच मिनिटं" न म्हणता "हे तीन मासे झाले की कोंबड्यांना दाणे" असं ठरलं. बंद करायचं बटणही बाबूनेच दाबायचं.

तिसरं सगळ्यात अवघड. तो रडायला लागला की मोबाईल द्यायचा नाही, आणि त्याला एकटंही सोडायचं नाही. शेजारी बसायचं. "राग आला ना? खेळ संपला म्हणून." एवढंच बोलायचं. व्याख्यान नको, भरतीच्या वेळी कुणी होडी रंगवत नाही.

इथे एक सांगून ठेवते, कारण बहुतेक घरं इथेच हरतात. पहिले काही दिवस रडणं वाढतं. आजवर ज्या रडण्याने मोबाईल मिळत होता ते चालेना, म्हणून मूल आवाज वाढवून बघतं. आणि दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा आपण दिला, तर ते काय शिकतं? मासा कधीतरी लागतो. म्हणजे आता गेम बाजूलाच राहिला, गळ आपणच होऊन बसलो. त्यापेक्षा द्यायचा असेल तर रडण्याआधी, हसत द्यावा.

राहिला रिकामा वेळ. यासाठी फार लांब जायला नको. १९४५ मध्ये ताराबाई मोडक उत्तर कोकणातल्या समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या, पुढे १९५७ मध्ये जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी गरिबांच्या मुलांची बालवाडी उभी केली. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्या बालवाडी मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून आजूबाजूला मिळेल त्यातून खेळ उभे केले. करवंट्या, शिंपल्या, चिंचोके, माती यांत गळ नसतो. शिंपल्यांचा डोंगर पडतो, पोर चिडतं, पुन्हा रचतं. छोटी भरती, छोटी ओहोटी, तासाला दहा वेळा.

आजींनी मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. (भिजलेला ठेवतात ना, तसा.) पहिल्या दिवशी बाबू चाळीस मिनिटं रडला, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी वहिनींनी हात टेकले आणि दिला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला आजी उकडलेल्या आठळ्यांचं पातेलं घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असताना. तो रडत होता आणि त्या सोलत होत्या. मग तो हुंदके देत देत सोलायला लागला. सालींच्या होड्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात बाबांचा फोन आला तेव्हा बाबू धावत आला आणि दोन्ही हातांनी मोबाईल धरून होड्या किती झाल्या ते सांगत बसला. फोन ठेवल्यावर तो पुन्हा रडला. या खेपेला बाबांसाठी. वहिनींनी मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला आणि त्याला मांडीवर घेतलं.